नळाची उजवी कड

सुबोधच्या डोळ्यांचं दुखणं घराण्यातून आलेलं होतं. त्याचे वडील दत्ताराम गिरणीत कामाला होते, आणि रात्रपाळी असली की चाळीच्या भिंतीला हात लावत लावत जायचे. लोकांना वाटायचं, गडी घेतो. ते हसून सोडून द्यायचे. रात्रीचं दिसत नाही असं बोलले असते तर मशीनवरून उतरवलं असतं. सुबोधला वडिलांचं हे गुपित फार उशिरा समजलं, घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून झाल्यावर "घरात आणखी कोणाला?" असं विचारलं तेव्हा. डोळ्याच्या आतला पडदा कडेने सुकत येतो, डॉक्टर म्हणाले. औषध नाही. श्वेता शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिला वाटलं होतं, नवरा काहीतरी विचारेल. त्याने फक्त चष्मा खिशात ठेवला आणि म्हणाला, "चल."

मुलुंडला स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत सुबोध रिटचिंग करायचा. लग्नाच्या अल्बममधली मुलगी सुंदर दिसली पाहिजे आणि तरी ती तीच राहिली पाहिजे, हे त्याला जमायचं. गिऱ्हाईक यायचं आणि मालकाला सांगायचं, फोटो सुबोधकडेच द्या. नजर आकसत गेली तसे चेहरे सुटले. नळीतून बघितल्यासारखं दिसायचं. नाक दिसलं तर कपाळ दिसायचं नाही. त्याने स्टुडिओ सोडला आणि घरी बसून कॅटलॉगची कामं धरली. साकीनाक्याला चंद्रप्रकाशशेठचा नळ आणि बाथरूमच्या फिटिंगचा कारखाना होता. तिथला माणूस मोबाईलवर नळांचे फोटो काढून पाठवायचा, सुबोध त्यांची मागची बाजू पांढरी करून, नीट कापून, उजळवून द्यायचा. नळाला चेहरा नसतो, हे बरं, असं तो म्हणायचा.

मग ती नळीही बंद होत गेली. एका दुपारी श्वेता लॅबमधून आली (ती एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर अर्धा दिवस बसायची) तर सुबोध टेबलावर माऊस गोल गोल फिरवत होता. कंप्यूटरच्या पडद्यावरचा बाण त्याला सापडत नव्हता. ती मागे उभी राहिली, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे आहे." त्याने तिच्या बोटापर्यंत आपलं बोट नेलं. थोडा वेळ तसंच ठेवलं. मग माऊस काढला, त्याची वायर गुंडाळली आणि तिच्या हातात दिला.

"ठेव कुठेतरी," तो म्हणाला.

नंतरचे काही महिने श्वेताला आठवायला आवडत नाहीत. सुबोध गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. रेडिओसुद्धा लावायचा नाही. जेवायला बोलावलं की यायचा, पानात काय आहे ते विचारायचा नाही. तळमजल्यावरचे बाळकाका संध्याकाळी त्याला हाताला धरून बागेत न्यायचे. बाळकाकांच्या रिटायरमेंटच्या गोष्टी ऐकून तो परत यायचा.

त्याला खुर्चीतून उठवलं ते प्रबुद्धने. प्रबुद्ध त्याचा स्टुडिओतला जुना दोस्त. दोघं एकाच दिवशी कामाला लागले होते. पुढे प्रबुद्ध कंप्यूटर शिकला आणि ऐरोलीला एका कंपनीत गेला. एका रविवारी तो आला, चहा घेतला आणि म्हणाला, "तू जो प्रोग्रॅम वापरायचास ना, तो विंडो न उघडताही चालतो."

"म्हणजे?"

"म्हणजे पडद्यावर फोटो दिसायची गरजच नाही. काळी खिडकी असते एक. त्यात लिहून सांगायचं, अमुक फोटो घे, इतका काप, इतका उजळ कर, तमुक नावाने ठेव. एंटर मारायचा. तो करतो."

"लिहून सांगायचं? फोटो जरा उजळ कर रे बाबा, असं?"

"तसंच. फक्त बाबा म्हणायचं नाही."

सुबोध हसला. श्वेता स्वयंपाकघरात होती, ती पोळी तव्यावर तशीच ठेवून दारात आली. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला होता.

प्रबुद्धने कंप्यूटरवर बोलणारा प्रोग्रॅमही टाकून दिला. पडद्यावर आलेली अक्षरं तो मोठ्याने वाचायचा. आवाज यंत्राचा, घाईघाईचा. श्वेताला त्यातलं निम्मं कळायचं नाही. सुबोधने मात्र त्याचा वेग आणखी वाढवला. पंधरवड्यात तो काळ्या खिडकीत ओळीच्या ओळी टाइप करायला लागला. फोटो कापायचा कुठून, ते आकड्यांत. किती उजळवायचा, ते आकड्यांत. शून्य म्हणजे अगदी काळं, दोनशे पंचावन्न म्हणजे अगदी पांढरं, आणि जगातल्या सगळ्या छटा त्यांच्या मधे, असं त्याने श्वेताला समजावलं. फोटोचा कुठलाही तुकडा सांगितला की प्रोग्रॅम त्या तुकड्याचा आकडा सांगायचा आणि सुबोध मान हलवून म्हणायचा, "इथे सावली आहे." श्वेता वाकून बघायची. तिथे सावली असायची.

पण सगळंच आकड्यांत येत नव्हतं. म्हणून त्याने तिला शेजारी बसवलं.

"मी केलेला फोटो तू बघायचा आणि मला सांगायचं. कसा दिसतो ते."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळेल. तू फक्त जे दिसतंय ते सांग. छान झालाय असं नको सांगूस, ते मला आईसुद्धा सांगायची. खरं सांग."

"बरं."

"बरं नाही. खरं सांगीन म्हण."

"सांगीन रे बाबा."

दुपारी जेवणं झाली की दोघं टेबलापाशी बसायचे. सुरुवातीला ती म्हणायची, "नळ आहे. चकचकीत." मग तो विचारायचा, चकचकीत कुठे? वरून की बाजूने? चमक पट्टीसारखी आहे की ठिपक्यासारखी? बुडाशी सावली निळसर आहे की नुसती काळपट? ती पुन्हा बघायची आणि तिला खरंच दिसायचं, की सावली निळसर आहे, आणि नळाच्या पोटात फोटो काढणाऱ्या माणसाचा शर्ट उमटलाय, लाल चौकडीचा. तो शर्टचं ऐकून इतका खूश झाला की त्याने तो फोटो तसाच एक ठेवून दिला.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि एवढं बोलणं त्यांचं आधी कधी झालं नव्हतं. पूर्वी तो फोटोंमधे असायचा आणि ती घरात. आता ती रस्त्याने येताना वस्तू बघून ठेवायची, घरी जाऊन सांगायला. भाजीवालीने दुधी कसे रचलेत. लिफ्टच्या आरशाला कसा तडा गेलाय. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मधेच विचारायचा, तडा वरून खाली की आडवा? ती लॅबमधे असतानाही तिला वाटायचं, कधी एकदा दोन वाजतात.

दिवाळीच्या जरा आधी चंद्रप्रकाशशेठचा तिला फोन आला. फोटो मेल करायचं काम श्वेताकडे होतं, म्हणून तिचा नंबर त्यांच्याकडे होता.

"मॅडम, सुबोधभाईंना काही बोलू नका," शेठ म्हणाले. "पण ह्या वेळचा माल बरोबर नाही आला. दुकानदार विचारतात, नळ तुटका आहे काय. साइडने गायब आहे तो. मी भाईंना मानतो, पण मलाही पुढे जवाब द्यायचा असतो ना. पुढचं काम मी दुसऱ्याला देऊ काय?"

"एकदा परत करून देते, शेठ," ती म्हणाली. "एक चान्स द्या."

तिने फोटो उघडून पाहिले. नळ स्टीलचे, त्यांच्या कडा उजेडात पांढऱ्याशुभ्र चमकायच्या. मागची बाजू पांढरी करण्याची कमांड दिली की प्रोग्रॅमला काय कळणार, पांढरं मागचं कुठलं आणि पांढरी चमक कुठली. तो कडाही पुसून टाकायचा. एका तोटीची उजवी बाजू अशी खाल्लेली होती की जणू पाण्यात विरघळली. इतके दिवस तिने हे पाहिलंच होतं. तिला वाटलं होतं, चमकत्या वस्तूचं असंच दिसतं.

तिने त्याला सांगितलं. शेठच्या फोनचं नाही सांगितलं, कडांचं सांगितलं. त्याने आकडा बदलला. आता कडा आल्या, पण मागे राखाडी ढग राहिला. त्याने आकडा मधला घेतला. एका फोटोत जमलं, दुसऱ्यात नाही, कारण कारखान्यातला माणूस एक फोटो ट्यूबलाइटखाली काढायचा आणि एक दारात. सुबोध प्रत्येक फोटोला वेगळा आकडा लावायला लागला. आठवडाभर तेच. यंत्राचा आवाज आकडे वाचतोय, हा टाइप करतोय, मग मान तिच्याकडे वळवून विचारतोय, "आता?"

"डावीकडची आली. उजवीकडची गेली."

"आता?"

"आता दोन्ही आहेत, पण मागे डाग पडलेत."

"किती मोठे?"

"बरेच आहेत, सुबोध."

शेवटी शेवटी तो "आता?" विचारायच्या आधी थांबायला लागला. एका दुपारी त्याने जेवण तसंच ठेवलं. हात कीबोर्डवर, पण बोटं हलत नव्हती. गॅलरीतल्या त्या खुर्चीत जसा बसायचा तसाच चेहरा झाला होता. श्वेताने तो चेहरा ओळखला.

"मग काय उपयोग याचा?" तो म्हणाला. "उगाच खेळतोय मी इथे बसून."

"अजून एकदा कर ना."

त्याने एक ओळ टाइप केली. एंटर मारला. आवाजाने सांगितलं, झालं. त्याने मान वळवली नाही, समोर बघतच विचारलं, "आता?"

पडद्यावर तोटी होती. उजवी कड नव्हती.

"आता जमलं," श्वेता म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. मस्त आलीय कड. पट्टीसारखी चमक आहे, वरपासून खालपर्यंत."

त्याने खुर्चीला पाठ टेकवली आणि तोंडावरून हात फिरवला. "ताट आण," तो म्हणाला. "भूक लागलीय."

त्या संध्याकाळी बाळकाका त्याला बागेत घेऊन गेल्यावर श्वेताने कपाटातून माऊस काढला. सुबोधचा जुना लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला, त्यातही तोच फोटोंचा प्रोग्रॅम होता. तिने आयुष्यात एकही फोटो सुधारला नव्हता, पण काय बघायचं ते तिला आता माहीत होतं. चमक कुठे संपते, सावलीचा रंग कुठे बदलतो, कड कुठून कुठे वळते. त्यानेच विचारून विचारून तिला ते शिकवलं होतं. मूळ फोटो घेऊन तिने नळाच्या कडेकडेने बारीक बारीक रेघ ओढली, मागचं पुसलं, कड राखली. पहिला फोटो झाला तेव्हा लिफ्टचं दार वाजलं. तिने लॅपटॉप पटकन डब्यांच्या मागे सरकवला.

पुढे तिचा हात बसला. तो दुपारी त्याचे फोटो करायचा, ती "बघायची", आणि तो बागेत गेला की ती मूळ फोटोंवरून पुन्हा सगळे करून मेल करायची. शेठचा फोन आला, "भाईंचा हात परत लागला," म्हणाले. तिने फोन स्पीकरवर टाकला. सुबोधने ऐकलं. त्या दिवशी त्याने जुना निळा शर्ट मागितला, इस्त्रीचा. शेठने ठाण्याच्या एका टाइल्सवाल्याला त्याचं नाव सांगितलं. काम वाढलं.

तिला ते काम आवडायला लागलं होतं. एकदा एका शॉवरच्या जाळीचा फोटो तिने इतका साधला, की प्रत्येक भोकाच्या कडेला एक एक बारीक चंद्रकोर उमटली. तिला कोणालातरी दाखवावंसं वाटलं. आणि तिच्या लक्षात आलं, हे ज्याला सांगावं असं माणूस एकच आहे, आणि त्यालाच सांगता येत नाही. ती ओट्याला टेकून तशीच उभी राहिली. मग मेल पाठवून कणीक भिजवायला घेतली.

खोटं बोलायलाही तिला आता कमी वेळ लागायचा. पूर्वी त्याच्या एका प्रश्नाला ती तीन तीनदा वाकून बघायची. आता न बघताच सांगायची, "कड आहे. सावली हलकी आहे. छान." आणि तो समाधानाने पुढचा फोटो घ्यायचा.

होळी झाल्यावर प्रबुद्ध एक बातमी घेऊन आला. त्याची बहीण संघमित्रा दृष्टी नसलेल्या मुलामुलींच्या एका संस्थेत शिकवायची. तिथे सुबोधने यावं, काळ्या खिडकीतून फोटो कसे करतो ते दाखवावं, असं तिचं म्हणणं होतं.

"मी काय दाखवणार?" सुबोध म्हणाला, पण चेहरा उजळला होता.

"तू बाजारात चालणारं काम करतोस रे. त्या पोरांना सगळे मेणबत्त्या करायला शिकवतात. त्यांना हे ऐकू दे."

श्वेता चहाचे कप उचलत होती. तिने प्रबुद्धकडे पाहिलं आणि तिला वाटलं, आत्ता, जिन्यापर्यंत सोडायला जाऊन याला सगळं सांगावं. ती जिन्यापर्यंत गेलीही. प्रबुद्ध चपला घालता घालता म्हणाला, "वहिनी, तुम्ही होतात म्हणून झालं हे. आमचा मित्र परत मिळाला आम्हाला." ती म्हणाली, "सावकाश जा, भाऊजी."

सुबोध तयारीला लागला. त्याला वाटलं, नुसतं तोंडाने सांगण्यापेक्षा खरे गेलेले फोटो न्यावेत. त्याने स्वतःच शेठच्या ऑफिसला फोन केला आणि कॅटलॉगमधे छापलेले काही फोटो मागवले. ते आले त्या दिवशी श्वेता लॅबमधे होती. ती घरी आली, हातपाय धुतले, आणि कुकर लावताना तिच्या लक्षात आलं की बाहेर यंत्राचा आवाज तेच तेच सांगतोय. एक आकडा. थोड्या वेळाने दुसरा आकडा. मग पुन्हा पहिला.

ती हॉलमधे आली. सुबोध ताठ बसला होता.

"दोन फोटो एकावर एक ठेवून फरक मोजायची एक कमांड असते," तो म्हणाला. "मला वाटलं, पोरांना दाखवू. माझा फोटो आणि छापलेला फोटो, दोन्ही एकच. फरक शून्याच्या जवळ यायला पाहिजे."

तिने ओले हात टॉवेलला पुसले.

"मोठा आला. म्हटलं, छापताना काहीतरी केलं असेल. मग फोटोचे तीन उभे तुकडे केले आणि एकेकाचा मोजला. मधे फरक नाही. डावीकडे थोडा आहे. उजवीकडे खूप." त्याने तिच्या दिशेने मान वळवली, नेहमी वळवायचा तशीच. "तोटीची उजवी कड कोणी भरली, श्वेता?"

कुकरची शिट्टी झाली. ती आत जाऊन गॅस बंद करून आली. तेवढ्यात काहीतरी सुचेल असं तिला वाटलं होतं. 

"मी," ती म्हणाली.

"या एकाची?"

"सगळ्यांची."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. शेठ काम काढून घेणार होते. तू जेवला नव्हतास त्या दिवशी. मला बघवेना, सुबोध. मी म्हटलं, एवढी एक वेळ. मग पुढचे फोटो आले."

"म्हणजे माझं एकही गेलं नाही."

"तूच शिकवलंस ना मला सगळं. तुझंच काम आहे ते. माझा नुसता हात होता."

श्वेताला वाटलं, ओरडेल, काहीतरी फेकेल. तसं झालं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

"काम गेलं असतं तर गेलं असतं," तो शेवटी म्हणाला. "रडलो असतो चार दिवस. परत खुर्चीत बसलो असतो. तुला त्रास झाला असता, मान्य. पण मी तुला रोज विचारत होतो गं. कसं दिसतंय, आता कसं दिसतंय. मला बघायला दुसरी जागाच नव्हती."

ती त्याच्या पायाशी खाली बसली. त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्याने पाय मागे घेतला नाही, तिच्या केसांवरून हातही फिरवला.

"यापुढे खरं सांगीन," ती म्हणाली. "कितीही वाईट असलं तरी. शप्पथ."

"सांगशील. मला माहितीय," सुबोध म्हणाला. "पण ते खरं आहे हे मला कळणार कसं?"

दुसऱ्या दिवशी त्याने शेठला फोन करून स्वतःच सांगितलं की दिवाळीपासूनचं काम बायकोचं आहे. शेठला त्याचं विशेष काही वाटलं नाही. माल चांगला येतोय ना भाई, मग झालं, ते म्हणाले. संघमित्राच्या संस्थेतही तो गेला, प्रबुद्धबरोबर. श्वेताने येऊ का विचारलं, तर म्हणाला, "नको, लॅब आहे ना तुझी." प्रबुद्धने नंतर फोनवर सांगितलं, सुबोध छान बोलला. फोटो लहान करता येतात, फिरवता येतात, शेकड्याने कापता येतात, हे त्याने पोरांना करून दाखवलं. आणि चांगला झाला की नाही हे मला सांगता येत नाही, ते काम माझ्या हातचं राहिलेलं नाही, असंही सांगून टाकलं. एका मुलीने विचारलं, मग ते कोण सांगतं? त्यावर तो म्हणाला, ते मी अजून शोधतोय.

"काही झालंय का वहिनी?" प्रबुद्धने विचारलं. तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी असतो तरी हेच केलं असतं." तिला त्याने बरं वाटायला हवं होतं.

आता श्वेता उघडपणे हॉलमधे बसून फोटो करते. माऊसची टिकटिक ऐकू येते. सुबोध काळी खिडकी उघडत नाही असं नाही. प्रबुद्धच्या कंपनीसाठी तो काही नावं बदलायचं, आकार बदलायचं काम करतो, ज्यात बघायचं काही नसतं. भांडण नाही. जेवताना बोलतात. तो तिच्या लॅबची चौकशी करतो, ती बाळकाकांची. बाहेर जाताना तो तिचाच दंड धरतो, जिना उतरताना तिने "पायरी" म्हटलं की पाय टाकतो. तेवढ्यावर त्याचा विश्वास आहे. पायरी नसली तर लगेच कळतंच.

मे महिन्यात त्याच्या मावसभावाने मढला नवीन घर घेतलं आणि पूजेला बोलावलं. वर्सोव्याहून बोटीने जायचं होतं. बोट पलीकडच्या काठाला होती, म्हणून दोघं जेट्टीवर थांबले. ऊन होतं, वाऱ्याला सुकटीचा वास होता. बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, ओळीच्या ओळी, आणि खाली एक मांजर वर बघत बसलं होतं, ते कधीच पोचणार नव्हतं तिथे. श्वेता ते बघून हसली.

"सुबोध, इथे एक मांजर बसलंय," ती म्हणाली. "बोंबलांच्या खाली. पांढरं, एक कान काळा. इतकं एकटक बघतंय वर, की काय सांगू."

"हो का," सुबोध म्हणाला.

तिने वाट पाहिली. कुठला कान, डावा की उजवा, असं तो विचारेल, म्हणून तिने नीट बघूनही ठेवलं होतं. डावा. शेपटीच्या टोकालाही काळं होतं.

शेजारी एक म्हातारी कोळीण टोपली घेऊन बोटीची वाट बघत बसली होती. सुबोधने त्या दिशेने मान वळवली.

"मावशी," त्याने विचारलं, "इथे मांजर आहे का एखादं?"

"हाय ना," म्हातारी म्हणाली. "बसलंय बोंबलाखाली."

"कसं आहे?"

म्हातारीने आधी त्याच्याकडे आणि मग श्वेताकडे पाहिलं. नवरा-बायको एकमेकांचा दंड धरून उभे असताना हा मला का विचारतो, असं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. श्वेताने मान खाली घातली.

"धवलं हाय," म्हातारी म्हणाली. "येक कान काला."

सुबोधने मान हलवली. पलीकडून बोट सुटल्याचा आवाज आला. श्वेताने पर्समधून तिकिटं काढली, आणि बोट लागली तेव्हा म्हणाली, "पाय जरा लांब टाक, मधे पाणी आहे." त्याने तिचा दंड घट्ट धरला आणि पाय लांब टाकला.